माश्या बांधण्याचे दिवस

रिकामा माणूस माश्या मारतो म्हणतात.
मी बांधतो.
डिसेंबर लागला की स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी
टेबलाच्या कडेला छोटा शिकंजा आवळतो,
त्यात गळ, गळावर पीस, केस, दोरा,
मासा फसावा इतपत माशी.

बाहेर सुपिरियर सरोवरावरून बर्फ येतो,
आडवा, न विचारता.
एकतीस हिवाळे मी याच रस्त्यांवरचा बर्फ नांगर लावून ढकलला;
आता दुसऱ्या कुणाचा तरी नांगर पहाटे चारला घरघरत जातो
आणि मी अंथरुणात कूस बदलून म्हणतो,
पातं जरा खाली घे, पोरा.

एल्माची एकच अट:
लोण्यात हरणाचे केस सापडता कामा नयेत.
सापडतात.
गेल्या रविवारी वेलदोड्याच्या गोड पावात
मोरपिसाचा एक धागा निघाला, हिरवा.
तिनं तो चिमटीत धरून उजेडात पाहिला
आणि मुकाट्यानं माझ्या बशीच्या कडेला ठेवला.
नाकावर माशी बसू न देणारी बाई,
चाळीस वर्षं माश्यांच्या घरात राहते आहे.

नाताळला मेव्हण्याला, वेइक्कोला, बारा माश्या द्यायच्या
हा रिवाज. राखाडी पंख, तपकिरी पोट, आकडा अठरा.
यंदा सातवीपाशी माशी शिंकली:
दोरा बॉबिनच्या नळीत शिरेना.
चष्मा पुसला. दिवा जवळ ओढला.
नळी होती तिथंच होती, मीच कुठेतरी बाजूला.

मग नऊ वर्षांची टिल्डा आली, लेकीची लेक,
दोरा ओठांत ओला केला,
एका दमात ओवला,
आणि म्हणाली, आता माझी पाळी.

तिनं नाताळच्या झाडावरची चंदेरी झिरमिळी घेतली,
मांजराच्या शेपटीचे केस (मांजराला न विचारता),
एल्माच्या मोज्यांतली लाल लोकर,
आणि आठ नंबरच्या गळावर जे काही उभं राहिलं
तसला किडा देवानं अजून केलेला नाही.
मी सांगू लागलो: पोट बारीक हवं, मान मोकळी सोड,
मासा काय खातो ते आधी—
त्यानं हे कधी खाल्लंय का?
नाही.
मग त्याला काय माहीत.

नाताळच्या आदल्या रात्री तांदळाच्या खिरीत
एकच बदाम असतो. तो वेइक्कोला मिळाला.
गालात धरून बसला, कुणाला सांगेना.
डबी उघडून त्यानं बारा माश्या मोजल्या,
पाहून नाही, चाचपून, टोकं सांभाळत.
नीट झाल्यात, म्हणाला.
त्याची नदी आता अंगणापर्यंतच येते.
त्याबद्दल आम्ही काही बोललो नाही;
सौनातल्या तापल्या दगडांवर आळीपाळीनं पाणी ओतत बसलो.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, नदीच्या मुखाशी,
उणे अकरा. काठीच्या कड्यांत बर्फ धरतो,
दर तिसऱ्या फेकीनंतर कडी तोंडात धरून वितळवायची.
लोखंडाची चव.
टिल्डा काठावर, दोन टोप्या घालून, मुकादमासारखी.
डबीत माझ्या साठ शहाण्या माश्या.
मी तिची वेडी लावली.

दोन फेकी बऱ्या गेल्या.
पाण्याखाली तिनं कुणाला तरी डोळा मारल्यासारखं वाटलं.
तिसऱ्या वेळी पाठीमागचा वारा विसरलो
आणि माशी पलीकडच्या अल्डरच्या फांदीवर जाऊन बसली.
ओढली. दोरी तुटली.
मध्ये काळं पाणी, कमरेच्या वर.

मासा? तिनं विचारलं.
झाड, मी म्हणालो.
कपाळावर हात धरून तिनं बराच वेळ पाहिलं.
हलतेय अजून.
हलत होती.

घरी येऊन मोजे शेगडीपाशी टाकले.
शिकंजा आवळलेलाच होता,
त्यात एक उघडा गळ,
आणि लोण्यावर
(एल्माच्या आधी मी पाहिला)
मांजराचा एक केस.